अंधाऱ्या खोलीतले रीडिंग

"माझेही एक पॉइंट पाच दोनच आले," तुकोजी म्हणाला, आणि एकोजीला कळले की हा खोटे बोलतो आहे.

कळले ते पाय घसरल्यावर पायरी ओली होती हे कळते तसे. आधी घसरणे, मग पायरी. तुकोजी वाळूत एक गुडघा वर घेऊन बसला होता, गुडघ्यावर हनुवटी, आणि बोलताना तो एकोजीकडे न पाहता शेषाद्रीच्या चपलांकडे पाहत होता. तुकोजीचे डोळे साऱ्या कॉलेजात प्रसिद्ध. गोपुराच्या कितव्या मजल्यावर पोपट बसला आहे ते तो रस्त्यातून सांगे. वर्नियरची कुठली रेघ मुख्य पट्टीवरच्या रेघेला मिळते याबद्दल त्याला दोन वर्षांत एकदाही शंका आली नव्हती; गणितात मात्र शंकांखेरीज काही नसे. अशा माणसाची बेरीज चुकेल, भागाकार चुकेल, रीडिंग चुकणार नाही. आणि आत्ताच सकाळच्या बॅचमधल्या कृष्णमूर्तीने प्रिझमच्या वक्रीभवनांकाचे आपले उत्तर सांगितले होते: एक पॉइंट सहा दोन. त्याच्या मागोमाग त्याच बॅचच्या शेषाद्रीने: एक पॉइंट सहा एक. मग एकोजीने आपले सांगितले होते, आणि सगळे गप्प झाले होते, आणि त्या गप्प होण्यात तुकोजीने आपले वाक्य आणून ठेवले होते, पडणाऱ्याच्या खाली कोणी घाईने पाट सरकवावा तसे.

"दोघांचेही?" कृष्णमूर्ती म्हणाला. "डेय्, दोघांचेही पाच दोन?"

"दोघांचेही."

सन पंचावन्नचा मार्च संपत आला होता आणि कावेरीत पाणी असे उरले नव्हते. पलीकडच्या काठाला चिकटून एक ओघळ, त्यात बुडणारी आणि न बुडणारी म्हशींची पाठ, आणि बाकी सगळी वाळू, अजून खालून गरम. कॉलेजच्या पायऱ्या नदीतच उतरतात. बी.एस्सी.ची पोरे प्रॅक्टिकल आटोपून त्या पायऱ्या उतरली होती आणि उत्तरे ताडून पाहायला बसली होती, जशी दर वर्षी बसतात. थिअरीच्या पेपरानंतर कोणी बसत नाही. थिअरीत प्रत्येकाने काय लिहिले ते ज्याचे त्याच्याजवळ. प्रॅक्टिकलचे तसे नसते. काच तीच, तार तीच, तिचे उत्तर एकच; ज्याचे वेगळे त्याचे चुकले, आणि ते चारचौघांत बोटावर मोजल्यासारखे दिसते.

"प्रिझम नवे होते, स्वामी," कृष्णमूर्ती म्हणाला. तो नेहमी पहिला येणारा, आणि पहिला येणाऱ्याला असते तशी त्याला दुसऱ्या येणाऱ्याची काळजी होती. एकोजी दुसरा येई, कधी कधी पहिला. "एक्झामिनरने मद्रासहून पेटी आणली. जड काच. हातात घेतल्यावर कळले नाही? तुम्ही दोघांनी जुन्या प्रिझमचे सांबार केलेत."

शेषाद्री हसला. हा जाडा, सगळ्यांचा मित्र, कोणत्याही परीक्षेत नापास न होणारा. "सांबारही चालले असते रे, पण डाळ तरी आजची घ्यायची. दोन वर्षांपूर्वीची डाळ!"

सांबार म्हणजे काय ते कॉलेजात नव्या पोराला पहिल्या महिन्यात कळते. लॅबमधल्या प्रत्येक वस्तूचे उत्तर वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे येते, सासूकडून सुनेकडे फोडणीचे प्रमाण यावे तसे. चार नंबरच्या भिंगाचे वीस. पितळी तारेचे अमुक. प्रिझमचे एक पॉइंट पाच दोन. रीडिंग नीट आले नाही तर उत्तरापासून मागे मागे चालत यायचे, म्हणजे जे दिसायला हवे होते ते अंक सापडतात; त्यांत इकडे एक मिनिट कमी, तिकडे दोन जास्त असे मीठमिरची घालायची, कारण फार बरोबर आले तर मास्तरांना संशय येतो. सगळे करतात. कृष्णमूर्तीही करतो, फक्त त्याचे कमी आंबट असते. त्यामुळे वाळूत बसलेल्या कोणालाही एकोजीने सांबार केले याचे नवल वाटले नव्हते. दुपारच्या बॅचला प्रिझम बदलले हे कळणारच कसे? सकाळच्या बॅचची पोरे सुटली की त्यांना वरच्या वर्गात कोंडून ठेवतात, दुपारची बॅच आत जाऊन लॅबचे दार लागेपर्यंत. दोन्ही बॅचा एकमेकींचे तोंड पाहतात ते संध्याकाळीच. नवल कशाचे वाटत होते तर एकोजीने ते करावे याचे. ज्याला सांबाराची गरज नाही त्याने. आणि उत्तरामागचा कोन असा नऊ नऊ अंशांनी चुकावा याचे. अठ्ठेचाळीस अंश बाराच्या जागी अडतीस छप्पन. दुर्बीण जिथे उभी करायची त्या जागेपासून चार बोटे दूर. डोळे मिटून केले तरी इतके चुकत नाही, असे कोणीतरी मागून म्हणाले, आणि ते हसण्यात गेले.

डोळे मिटून.

अंधारी खोली म्हणजे लॅबच्या टोकाची, खिडक्यांना काळे कापड खिळवलेली. दारालाही काळा पडदा. लॅबमध्ये दुपारचे तीन, बाहेर चुन्यासारखे ऊन, आणि पडदा बाजूला करून आत पाऊल टाकले की एकोजीचे डोळे विहिरीत टाकलेल्या तांब्यासारखे खाली खाली जात आणि तळ लागत नसे. इतरांचा लागे. इतरांना आधी काही दिसत नाही, मग टेबलाची कड दिसते, मग बर्नरच्या ज्योतीत ठेवलेली मिठाची वात आणि तिचा पिवळा उजेड, मग पितळी चकती, आकडे, सगळे. तुकोजी सांगे: आता दिसतें बघ. एकोजी म्हणे, होय. एकोजीला ज्योत दिसे. फक्त ज्योत, भोवती काही नाही, कोणी काळ्या कागदाला सुईने भोक पाडून पलीकडे दिवा धरावा तशी. दुर्बिणीला डोळा लावला की तीही नाही. दुर्बिणीत एक उभी पिवळी रेघ असते असे पुस्तकात होते. तुकोजी म्हणे, आहे. सर म्हणत, आहे. एकोजीने ती रेघ दोन वर्षे उत्तम लिहिली होती.

प्रश्न: किमान विचलन म्हणजे काय?

उत्तर: प्रिझम फिरवत गेले की रेघ एका बाजूला सरकत जाते. मग थांबते. मग प्रिझम त्याच दिशेने फिरवत राहिले तरी ती उलटी परतू लागते. जिथे थांबते ती जागा, सर.

प्रश्न: तुम्ही ती पाहिलीत?

उत्तर: रेघ पिवळी असते.

प्रश्न: पाहिलीत?

उत्तर: मिठामुळे पिवळी, सर.

असे कोणी विचारले नव्हते. तोंडी परीक्षेत एक्झामिनरने सूत्र विचारले, एकोजीने सूत्र सांगितले, सूत्र कसे निघते तेही सांगितले, आणि एक्झामिनर "व्हेरी गुड" म्हणाला होता. त्याआधी मात्र अंधाऱ्या खोलीत एकदा तो त्याच्या टेबलापाशी आला, वाकला, एकोजीने लावून ठेवलेल्या दुर्बिणीला त्याने डोळा लावला, आणि तसाच राहिला. बराच वेळ. माणूस रिकाम्या खोलीत डोकावून कोणी आहे का असे पाहतो तितका. मग सरळ झाला आणि काही न बोलता तुकोजीच्या टेबलाकडे गेला. तेव्हा एकोजीला वाटले होते, पाहिले आणि पसंत पडले.

आता वाळूत बसल्यावर त्याला कळत होते की त्या दुर्बिणीत काहीच नव्हते.

"दोघांचे एकच चुकीचे उत्तर," कृष्णमूर्ती म्हणत होता. त्याचा आवाज वाईट नव्हता, तो नुसते गणित करीत होता. "शेजारी शेजारी टेबले. आडनाव एक नाही म्हणून काय झाले, भाषा एक. तपासणारा काय म्हणेल? एकाने दुसऱ्याचे पाहिले. तुकोजी, तू तर तिसऱ्या वर्गाच्या काठावर आहेस. हे बाहेर बोलू नकोस बाबा."

"बोललो की आत्ता," तुकोजी म्हणाला.

"यांचे काय, यांची बिनतारी आहे," शेषाद्री म्हणाला. "दोन वर्षे मी यांच्या पुढच्या टेबलावर. एवढे ओरडून रीडिंग सांगायचे, आणि मला एक अंक कळेल तर शपथ! एकदा मी 'पंधरा' शिकून घेतले तर लगेच पुढच्या आठवड्यात पंधरा यायचे बंद."

सगळे हसले. एकोजीही हसला. ते खरेच होते. पहिल्याच टर्मला ठरले होते: तुकोजीने पाहायचे आणि मोठ्याने सांगायचे, घरच्या मराठीत, म्हणजे शेजारच्यांना चोरता येणार नाही, एकोजीने लिहायचे आणि गणित करायचे. एकाचे डोळे, एकाचा हात. तुकोजीचे घर पितळेच्या भांड्यांच्या व्यापाराचे, शनिवारी विठोबाचे भजन, त्यात टाळ धरायला पोर पाहिजे म्हणून लहानपणीच बसवलेले. आवाज असा की दोन कोसांवरच्या पट्टीश्वरमपर्यंत जावा. "बावीस अंश चौदाऽऽ" असा तो लॅबमध्ये म्हणे की कोणाला वाटावे अभंगाचे ध्रुपद आहे. तामिळ पोरे कानांवर हात ठेवीत. आणि एकोजी आपल्या सुरेख अक्षरात लिहीत जाई, आणि मनातल्या मनात त्याला वाटे की बिचाऱ्याला मी तारून नेतो आहे. याला लॉगची टेबलेसुद्धा येत नाहीत. मी नसतो तर हा पहिल्या वर्षीच दुकानात बसला असता. असे वाटणे बरे होते. त्या वाटण्यावर पाय ठेवून तो दोन वर्षे चालला होता. सर म्हणाले होते, तू मद्रासला जा, एम.एस्सी. कर, प्रकाशावर काम कर, तुझे डोके त्यातले आहे. त्यांनी डोके म्हटले होते.

आज दुपारीही तुकोजीने सांगितले होते.

हे एकोजी वाळूत बसल्यापासून स्वतःला आठवू देत नव्हता, पण आता तुकोजी शेषाद्रीच्या चपलांकडे पाहत होता आणि आठवण्यावाचून गत्यंतर नव्हते. चिठ्ठ्या उचलताना दोघांनाही स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रिझमचाच प्रयोग, आला. अंधाऱ्या खोलीत दोन टेबले, मध्ये एक लाकडी फळी. एकोजीने डोळा लावला, काळे, प्रिझम फिरवले, काळे, खूप वेळ थांबला, कारण कधी कधी खूप थांबले की एक फिकट काहीतरी कडेला येऊन गेल्यासारखे वाटे, काळे. हाताला घाम. पितळेला घामाचा वास. आणि मग फळीपलीकडून, हळू, पण हळू म्हणजे तुकोजीच्या मानाने हळू: "अठ्ठेचाळीस अंश बारा." एक्झामिनर कुठूनतरी म्हणाला, सायलेन्स. थोड्या वेळाने पुन्हा, जणू माणूस आपल्याशीच पुटपुटतो आहे: "अठ्ठेचाळीस बारा. अठ्ठेचाळीस."

एकोजीने ऐकले होते. स्वच्छ ऐकले होते. आणि हातातल्या पेन्सिलीने त्याने अडतीस अंश छप्पन लिहिले होते. त्या वेळी मनाने सांगितलेले कारण असे: जुन्या प्रिझमचे अडतीस छप्पन, हे जगजाहीर, तुकोजी दहाने चुकतो आहे, घाबरला आहे. मनाने सांगितलेले. मनाच्या खाली जे होते ते मनाने सांगितले नव्हते. ते असे की जे रीडिंग मी पाहिले नाही ते तू सांगतोस आणि मी लिहितो, हे दोन वर्षे चालले कारण ते कामाची वाटणी म्हणून चालले. पण आज वाटणी नाही. आज तू जर मला सांगत असशील तर तुला माहीत आहे की मला दिसत नाही. आणि मी जर ते लिहिले तर मलाही माहीत आहे. म्हणून अडतीस. म्हणून छप्पन. त्याने स्वतःच्या हाताने, सुरेख अक्षरात, न दिसलेले लिहिले होते, कारण दुसऱ्याला दिसलेले लिहिणे म्हणजे कबूल होणे होते.

आणि आता त्याच तुकोजीने, ज्याच्या वहीत अठ्ठेचाळीस बारा आहे, ज्याचे उत्तर आयुष्यात पहिल्यांदा कृष्णमूर्तीच्या उत्तराला मिळाले असते आणि ज्याला ते वाळूत उभे राहून ओरडून सांगता आले असते, त्याने सर्वांदेखत ते टाकून दिले होते.

"तूं अठ्ठेचाळीस वाचलास," एकोजी म्हणाला. घरच्या भाषेत. सगळे समोर बसलेले असताना आणि कोणालाही कळत नसताना.

तुकोजीने मान वर केली नाही. "काय की."

"मी ऐकलों. फळीपलीकडून."

"पाहा, सुरू झाली बिनतारी," शेषाद्री म्हणाला.

"ऐकलास?" तुकोजी म्हणाला, आणि आता त्याने पाहिले. "मग लिहिलास कां नाहीं रे? दोनदां बोललों. तो एक्झामिनर मला हाकलला असता. लिहिलास कां नाहीं?"

एकोजीने विचारले, "कधींपासून ठाऊक तुला?"

"काय?"

"तुकोजी."

तुकोजी वाळूत बोटाने रेघ ओढीत राहिला. "मागल्या वर्षीं. पाण्याचा बीकर तूं टेबलावर ठेवलास, अंधाऱ्या खोलींत. तिथें टेबल नव्हतें." मग जरा थांबून, जणू तेवढ्याने वाईट वाटू नये म्हणून, "मी बोललों, माझ्या हातून पडला म्हणून. सर माझ्यावरच रागावले. तुला ठाऊक आहे."

ठाऊक होते. सर रागावले होते ते ठाऊक होते. बाकीचे आता एकामागून एक येऊ लागले, बोलवले नसताना, श्राद्धाला यावे तसे. लॅबमधली स्टुले. लॅबमध्ये स्टुले वाटेत पडलेली असतात, सगळ्यांच्या नडग्यांना लागतात, एकोजीच्या कधी लागली नाहीत. त्याला वाटे आपण सावध चालतो. तुकोजी त्याच्या आधी आत शिरे आणि जाता जाता पायाने स्टुले टेबलाखाली सारी. ती त्याची सवय आहे असे एकोजी समजत होता. "तूं लिही, तुझें अक्षर बरें," असे तुकोजी प्रत्येक वेळी म्हणे, एकोजीने पाहण्याची गोष्ट काढायच्या आधीच म्हणे. आणि जिन्यावरून उतरताना मोठ्याने बडबडत पुढे चाले, काय वाटेल ते, दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला, आणि त्याच्या आवाजावरून पायऱ्या किती खोल आहेत ते कळे. एकोजी तारून नेत होता! त्याला हसू आले.

"काय म्हणतो तो?" कृष्णमूर्तीने विचारले.

"काही नाही," तुकोजी तामिळमध्ये म्हणाला. "याचे डोके दुखते."

ऊन उतरले होते. एकोजीच्या ते लक्षात आले नव्हते, आणि ही गोष्ट अशी होती की गेल्या दोन वर्षांत ती एकही दिवस त्याच्या लक्षातून सुटली नव्हती. दिवे लागायच्या आत घरी. कोणी विचारले तर अप्पांना संध्येसाठी नदीवर न्यायचे असते. सगळ्यांना ठाऊक होते की एकोजीचे वडील व्यंकोबा आंधळे आहेत, आणि मेलकावेरी वस्तीतल्या बायका आपल्या मुलांना सांगत, पाहा, असा मुलगा असावा. रोज तिन्हीसांजेला तो अप्पांचा हात धरून काठाने नेई आणि अंधार पडल्यावर परत आणी. बापाचा हात धरून चालणाऱ्या मुलाला कोणी विचारीत नाही की दोघांपैकी कोण कोणाला नेतो. जाताना तो नेई. येताना अप्पा, ज्यांना दिवस आणि रात्र सारखीच, त्या वाटेचा दगड न् दगड पायांनी ओळखत चालत, आणि तो त्यांच्या हाताला धरून मागे. अप्पांना वाटे मुलगा दमला आहे, अभ्यास फार असतो.

अप्पा ड्रॉइंग मास्तर होते. एकोजी लहान असताना त्यांच्याच शाळेत होता, आणि त्याला आठवते ते फळ्यावरचे मोर. आधी मोर फळाभर असे. शेवटची पिसे काढायला अप्पा फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. मग मोर लहान झाला. दरसाल लहान. पोरांना वाटे मास्तरांना आता नाजूक काम आवडते. शेवटच्या वर्षी तो तळहाताएवढा होता, फळ्याच्या मधोमध, आणि इतका सुंदर की इन्स्पेक्टरने तारीफ केली; अप्पांना जेवढे दिसत होते तेवढ्यात तो मावत होता. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचेही असेच झाले होते. घरात याला नाव नव्हते. नाव ठेवले तर ते यायचे, अशी आईची समजूत असावी. "अप्पांचे झालें तसें" एवढेच म्हणत, आणि ते म्हणताना आई एकोजीकडे पाहत नसे. तुकोजी आज चपलांकडे पाहत होता तसेच, दुसरीकडे पाहत असे. माया करणारी माणसे हल्ली त्याच्याकडे पाहत नव्हती, हे त्याला आत्ता, वाळूत, सगळे एकदम दिसले.

याला तो अंधारी खोली म्हणत होता. अंधार खोलीत आहे, माझ्यात नाही. खोली एवढी काळी ठेवायचीच कशाला, असेही तो एकदा सरांना म्हणाला होता, आणि सर हसले होते.

पोरे उठू लागली. कोणी विजार झाडली, कोणी कॉफीला चला म्हणाले. कृष्णमूर्ती जाताना थांबला आणि, हे त्याला शोभणारे नव्हते म्हणून त्याने घाईने म्हटले, "थिअरीत भरून निघेल, एकोजी. प्रॅक्टिकलचे गुण थोडे." मग त्यांचे आवाज पायऱ्या चढत गेले आणि वर रस्त्यावर सायकलींच्या घंटांत मिसळले. म्हशी निघून गेल्या होत्या. पलीकडच्या काठावरची झाडे एकमेकांत विरघळून एक काळी भिंत झाली होती, आणि ती भिंत दोन्ही बाजूंनी आत येत होती, रोजच्यासारखी, न घाबरवता.

"चल," तुकोजी म्हणाला. "घरी सोडतों तुला."

"तुझी वाट तिकडे नाहीं."

"असू दे की."

"उद्यां सोडशील? परवां?" एकोजी म्हणाला. "मद्रासला येशील सोडायला? तिथें स्टुलें कोण सारील रे?"

तुकोजीचा श्वास तेवढा ऐकू येत होता, भजनात वरचा सूर लावून झाल्यावर येतो तसा. मग म्हणाला, "तूं उद्यां सरांना सांग. खरें काय तें सांग. दिवसाउजेडीं दुसरा प्रयोग मागून घे. सांगशील?"

"काय सांगूं?"

"एकोजी."

"काय सांगूं, नाव काय त्याचें?"

"मी येतों तुझ्याबरोबर सांगायला."

"जा तूं," एकोजी म्हणाला. त्याला हे हळू म्हणायचे होते, ते ओरडून म्हटले गेले. "तुझें एक सहा दोन घेऊन जा. घरी सांग जा. तुझे वडील पेढे वाटतील."

मग वाळूचा आवाज, मग दगडाचा. मग तोही नाही. तुकोजी वर थांबला आहे की गेला ते एकोजीला पाहता आले नसते, आणि त्याला ते ठाऊक होते, आणि वर उभे असलेल्याला हे ठाऊक असणार हेही.

तो चालू लागला. अप्पांच्या हाताशिवाय ही वाट त्याने या वेळी कधी चालली नव्हती. डावा हात काठाच्या भिंतीला. भिंत संपली तिथे हात हवेत राहिला, आणि त्याने अप्पा करतात तसे केले: थांबला, आणि ऐकले. देवळात घंटा. डाव्या बाजूला कोणीतरी विड्याची पाने शिंपडत होते, पाण्याचा फडफड आवाज, म्हणजे पानवाल्याची टपरी, म्हणजे इथून रस्ता उजवीकडे. दिवे होते. प्रत्येक दिवा होता आणि प्रत्येक दिव्याभोवती काही नव्हते. एक सायकल घंटा वाजवत अंगावरून गेली आणि चालवणारा शिवी देऊन गेला, तुला दिसत नाही काय रे. एकोजीने त्याला मनात उत्तर दिले, खरे उत्तर, पहिल्यांदा. ते दिल्यावर पाऊल बदलले. तो डोळ्यांनी चालायचे सोडून पायांनी चालू लागला. चवडा आधी पुढे, नुसता, भार न टाकता. जमीन आहे असे चवड्याने सांगितल्यावर मग अंग. पुन्हा चवडा. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. फार दिवसांनी माहेरी आलेली बाई न बघता फडताळात हात घालते तसे पाय आपोआप ते करू लागले, आणि ते इतके सोपे होते की त्याला रडू आले, चालता चालता, कोणाला दिसेल याची भीती न वाटता.

गल्ली. जाईचा वास, म्हणजे मीनाक्षीबाईंचे दार. पुढचे आपले. त्याचा चवडा ओट्याच्या पहिल्या पायरीला लागला. त्याने तो उचलून पायरीची कड चाचपली, मग दुसऱ्या पायरीची.

"कोण हो?" ओट्यावरून अप्पांचा आवाज आला. "कोणाकडे आलां तुम्ही?"

गल्लीतले प्रत्येक माणूस अप्पांना पावलांवरून कळत असे. एकोजी उभा राहिला. "मी" एवढेच म्हणायचे होते. ते एक अक्षर त्याच्या तोंडात होते आणि त्याला ते उचलत नव्हते.

अप्पा जरा वाकून ऐकत होते. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, परक्या माणसाशी होतो तसा आदराचा, आणि ते आतल्या बाजूला वळून म्हणाले, "अगो, बाहेर ये. कोणी आंधळे गृहस्थ आलेत, पायरी सांपडेना त्यांना. दिवा नक्को आणूस, त्याचा काय उपयोग. हात दे."

आई दिवा घेऊनच आली. उंबऱ्यात ती थांबली. त्या एका पिवळ्या ठिपक्यामागे ती होती एवढे एकोजीला दिसत होते, तिचे तोंड दिसत नव्हते.

"कोण आहेत गे?" अप्पांनी विचारले. "ओळखीचे काय?"

दिवा तिने ओट्यावर ठेवला, पायऱ्या उतरून खाली आली, आणि हात पुढे केला.

एकोजीने तो धरला.